सातवीच्या फोटोत नसलेले

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून पाठव म्हणून सरांचा मेसेज आला आणि सोबत आमच्या सातवीचा ग्रुप फोटो, १९९४ चा. इतका आनंद झाला म्हणून सांगू, मोबाईलवर मोठा करून एकेक चेहरा बघत बसलो, चित्रकलेच्या बाई आहेत, घंटा वाजवणारे मामा आहेत, मागं ते लिंबाचं झाड पण आहे. मग पोरं मोजली तर ३८. आणि हजेरीपटावर आम्ही ६१ होतो, पक्कं आठवतंय, कारण मॉनिटर मीच होतो.

बाकीचे २३ कुठं होते हे आपल्या बीड जिल्ह्यात कुणाला सांगावं लागत नाही. फोटोवाला यायचा २६ जानेवारीच्या आसपास आणि दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या गेलेल्या असायच्या, कोल्हापूर, सांगली, कर्नाटक, जिथला कारखाना असेल तिथं. माझ्या बाकावरचा जोडीदार दरवर्षी आईबापासोबत जायचा. त्याला एकोणतीसचा पाढा उलटा यायचा, माझा सुलटा पण अडकायचा. उन्हाळ्यात परत आला की हातावर पाचटानं कापल्याचे बारीक बारीक ओरखडे, आणि परीक्षा होऊन गेलेली. आठवीला तो आलाच नाही.

माझं काम कॅमेऱ्याचं. पोटासाठी सिरियली, जाहिराती सगळं केलं, पण स्वतःचं म्हणावं असं जे काम आहे ते फडावरचं म्हणजे ऊस तोडतात त्या रानातलं, पारधी वस्तीवरचं, ज्यांच्याकडं कॅमेरा गेला तरी लांबूनच गेला अशा माणसांचं. लोक विचारतात हे कुठून आलं, तर ते चित्रकलेच्या बाईंकडून आलं. पाचवीत असताना त्यांनी शेजाऱ्याचा चेहरा काढायला सांगितला आणि आम्ही सगळ्यांनी खडूच्या पेटीतला तो गुलाबी खडू घेतला, त्याला आम्ही कातडीचा रंगच म्हणायचो. बाई म्हणाल्या आधी स्वतःचा हात बघा, मग खडू उचला. त्या दिवशी सगळ्यांच्या पेटीतला तपकिरी खडू झिजला.

पुढं पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूटला गेलो, प्रभात स्टुडिओच्याच जागेवर १९६० ला सुरू झालेली ती संस्था, तिथं शर्ली कार्डाबद्दल कळलं. कोडॅकच्या फिल्मचे प्रिंट काढताना लॅबमध्ये रंग जुळवायला एक फोटो ठेवायचे, गोऱ्या बाईचा, आणि तिची कातडी नीट दिसली की रंग बरोबर. त्यामुळं सावळी, काळी माणसं वर्षानुवर्षं फोटोत काळपट डागासारखी यायची. पुढं फिल्म सुधारली त्यातही मोठा वाटा चॉकलेट आणि लाकडी फर्निचरवाल्या कंपन्यांच्या तक्रारीचा होता, त्यांच्या मालाच्या तपकिरी छटा नीट येत नव्हत्या म्हणून. माणसांच्या चेहऱ्यासाठी आधी कुणी का ओरडलं नाही, याचा मला आजही राग येतो. बाईंचा तपकिरी खडू तेव्हा लख्ख आठवला.

फडावर दुपारी शूट करायचं म्हणजे डोक्यावर पांढरंफेक आभाळ आणि खाली उन्हानं करपलेला चेहरा. कॅमेरा ऑटोवर ठेवला की तो आभाळ सांभाळतो आणि बाईचा चेहरा काळा ठिक्कर होतो. मी उजेड मोजायचा मीटर चेहऱ्यावर लावतो, आभाळ जळालं तर जळू दे, बाजूला कुणाला तरी थर्माकोलचा शीट धरायला लावतो म्हणजे डोळ्यांत उजेड येतो. आणि ती खाली बसून वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधत असेल तर मी पण खाली बसतो, वरून शूट करत नाही.

२०१९ ला ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या पिशव्या काढल्याची बातमी गाजली. सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत ८२ हजारांवर बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींचं ऑपरेशन झालेलं निघालं. तेव्हा मी एका चॅनलसाठी गेलो होतो, मला सांगितलं रडतानाचे शॉट आण. कोपीपुढं, म्हणजे त्यांच्या झोपडीपुढं, माईक धरला की टोळी आणणारा मुकादम बोलायचा, नाहीतर नवरा, बाई मागं मोळी बांधत राहायची. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरायचा, उचल म्हणजे आगाऊ पैसे नवऱ्याच्या नावावर, मुकादमाच्या वहीत तिचं नावच नाही, मग बोलायला तरी तिला कोण बोलावणार. मी ते काम सोडलं आणि पुढच्या हंगामात एकटा परत गेलो, दोन महिने नुसता जात राहिलो. एक दिवस एका ताईनं चुलीपुढं भाकरी थापता थापता स्वतःहून सांगायला सुरुवात केली, ऑपरेशनला किती लागले, ते पैसे कसे उचलीतच धरले, तिसऱ्या आठवड्यात परत मोळी डोक्यावर कशी घेतली, दुखलं म्हणून घरी बसली तर खाड्याचे, म्हणजे बुडालेल्या दिवसाचे, किती कापले. उजेड फक्त चुलीचा होता. मी लाईट लावला नाही, तिचा हात थांबला असता. माझ्या सगळ्या कामात मला तो शॉट सगळ्यात जवळचा आहे.

आता फोटोबद्दल. त्या २३ पैकी ९ जण मला सापडले, यंदाच्या हंगामात एका फडावर नाही तर चार ठिकाणी, त्यांना एक दिवस एकत्र आणलं, खाडा माझ्याकडून भरला. तो फोटो सोबत पाठवतोय, त्यांना विचारूनच. ३८ जणांच्या फोटोशेजारी त्याच मापात छापा, सगळ्यांची नावं मागं लिहिलीत. डावीकडून दुसरा माझा बाकावरचा जोडीदार. आणि प्रेसवाल्याला तेवढं सांगा, चेहरे उजळ करू नको म्हणावं, एक्सपोजर मी चेहऱ्यांवरच घेतलंय.