आमची वाटचाल: जाकड गेलेल्या ३१२ बाहुल्या

सांगलीच्या खणभागात २००९ साली आम्ही बाहुल्यांचं काम सुरू केलं. दोन मशिनं, मी आणि शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकू. कागदावर त्यांचं नाव कुठंच नव्हतं, पण पहिल्या दिवसापासून निम्मा नफा त्यांचा.

त्या वेळी बाजारात कापडी बाहुली म्हणजे गुलाबी कापड, निळे डोळे, पिवळे केस. तिलाच नऊवारी गुंडाळली की ती मराठमोळी, घागरा घातला की राजस्थानी. चेहरा तोच. आमचं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे: दुसऱ्या समाजाची बाहुली करायची, तर नुसते कपडे बदलून चालत नाही, कातडीपासून सुरुवात करावी लागते.

म्हणून मांजरपाट आम्ही घरीच रंगवतो. गव्हाळ रंगाला चहाचं पाणी, सावळ्याला काथ आणि तुरटी, काळ्याला हिरडा आणि गंजलेल्या लोखंडाचं पाणी. सांगलीत राहून हळद कशी वापरत नाही, असं सगळे विचारतात. हळद उन्हात उडते. प्रत्येक तुकड्यावर ओलं पांढरं फडकं घासून बघायचं, कारण मूल बाहुलीचा हात तोंडात घालणारच. शिवलेले हातपाय उलटायला छत्रीची तार, टोक कानशीनं गोल केलेली. काकूंची तार अजून माझ्या मशिनच्या खणात आहे. डोळे भरतकामाचेच करा. बटणं निघतात आणि घशात जातात. धनगर बाहुलीचं घोंगडं, घोंगडी विणणाऱ्या सणगरांकडच्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं. कारवारकडच्या, मूळ आफ्रिकेतून आलेल्या सिद्दी समाजाच्या बाहुलीचे कुरळे केस काळ्या लोकरीच्या गाठींनी एकेक भरायचे. एका डोक्याला काकूंची अख्खी दुपार जायची.

जत तालुक्यातल्या एका बालवाडीच्या बाई आमचं पहिलं पक्कं गिऱ्हाईक. त्यांच्या वर्गात मराठी, कन्नड आणि लमाणी बोलणारी मुलं एकत्र. पहिली लमाण बाहुली मी स्वतः घेऊन गेले होते. तांड्यावरच्या एका पाच वर्षांच्या मुलीनं ती घेतली, बाही वर सारली आणि म्हणाली, "हिच्या बांगड्या हितंच का संपल्या? माज्या आजीच्या वरपर्यंत हायत." मी मनगटापुरत्याच केल्या होत्या. एरवी ती पोर वर्गात आपल्या भाषेतला शब्द काढायची नाही, असं बाई म्हणाल्या. त्या दिवशी तिनं बांगड्यांपासून ओढणीपर्यंत सगळ्यांची लमाणी नावं वर्गाला सांगितली, आणि एका मुलानं धनगर बाहुलीला तिच्याकडं जेवायला पाठवलं. परत आल्यावर मी सगळ्या लमाण बाहुल्यांना दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या भरल्या.

केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ नवराबायकोबद्दल मला बाईंनीच सांगितलं. या दोघांनी १९४०च्या सुमारास अमेरिकेत कृष्णवर्णीय मुलांपुढं रंगाखेरीज हुबेहूब सारख्या बाहुल्या ठेवल्या आणि 'चांगली कुठली' असं विचारलं. बहुतेकांनी गोरीकडं बोट दाखवलं. शाळांमधला वर्णभेद बेकायदा ठरवणाऱ्या १९५४च्या निकालात या कामाचा आधार घेतला गेला. आमच्या दुकानात आयाच लेकीच्या हातातून सावळी बाहुली काढून घेतात. ते बघितलं की मला ते बोट आठवतं.

२०१८च्या दिवाळीआधी पुण्याच्या एका घाऊक व्यापाऱ्यानं ३१२ बाहुल्या जाकड उचलल्या, म्हणजे खपल्या तर पैसे, नाही तर माल परत. आठ महिने पैशाचं नाव नाही. मग जुलैत सगळा माल परत आला, वर चिठ्ठी: "काळा माल खपत नाही, चेहरा गोरा करा." काही बाहुल्यांच्या शिवणी उसवलेल्या होत्या. आमचे खाके, म्हणजे कापड कापायचे नमुने, उतरवून घेतले होते. थोड्याच दिवसांत तशाच बाहुल्या निम्म्या भावात बाजारात दिसल्या. घोंगडं छापील पॉलिस्टरचं, चेहरे सगळे गुलाबी. याचा राग अजून गेलेला नाही, आणि जाईल असं वाटत नाही. नवीन धंदा करणाऱ्यांनो, जाकड माल देऊ नका. निम्मे पैसे हातात आल्याशिवाय कात्री उचलू नका.

परत आलेली पोती तळमजल्यावर होती. ऑगस्ट २०१९मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४५ फूट. पाणी उतरल्यावर पोती उघडली तर कुजलेल्या कापसाचा वास आणि चिखल. मशिनं गंजली. मी बंद करायचं ठरवलं होतं. काकू मात्र जिन्यात बसल्या, एक बाहुली उसवली, कापूस काढून टाकला, घागरा धुतला आणि त्यावरचे आरसे पुसायला लागल्या. दोन महिने आम्ही तेवढंच केलं. ३१२पैकी १४० पुन्हा भरल्या. बाईंनी न मोजता पूर्ण भावानं घेतल्या, रोख.

१ जानेवारी २०२१पासून खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं, पण नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना सूट आहे. तुम्ही हातानं करत असाल तर कारागीर ओळखपत्र आधी काढा. पुढची वर्षं बरी गेली.

आईवडिलांना एवढंच सांगते: या बाहुल्या काचेच्या कपाटात ठेवू नका. दिल्लीचं शंकर बाहुली संग्रहालय मी दोनदा पाहिलं, देशोदेशीच्या बाहुल्या आहेत, अप्रतिम. पण तिथं हात लावता येत नाही. घरातली बाहुली भातुकलीत राबू दे, तिचं लग्न लागू दे, मळू दे. आणि दहा एकदम घेऊ नका, दोन घ्या.

काकू आता नाहीत. बाईंची यंदाची यादी काल आली: धनगर चार, लमाण तीन, सिद्दी दोन, आणि वर्गातल्या जुन्या गोऱ्या बाहुलीचा हात निघालाय, तोही शिवून द्या.