ज्यांना निवृत्ती नाही त्यांचे कागद

अमेरिकेतल्या विद्यापीठात एखादे नावाजलेले प्राध्यापक निवृत्त व्हायला आले की बऱ्याचदा तिथल्या पुराभिलेखागारातून, म्हणजे जुनी कागदपत्रं जपणाऱ्या विभागातून, त्यांना निरोप जातो. टिपणं, पत्रं, व्याख्यानांचे खर्डे फेकू नका, आम्ही सांभाळू. त्याच इमारतीत अर्धवेळ शिकवणाऱ्या बाईंना असा निरोप जात नाही, कारण त्या निवृत्तच होत नाहीत. एका सत्रात त्यांना वर्ग मिळत नाही, पुढच्याही सत्रात मिळत नाही, आणि नोकरी संपते. विद्यापीठाचा ईमेल बंद होतो आणि त्यातला इतक्या वर्षांचा पत्रव्यवहारही जातो. स्वतःची खोली आणि कपाट तर बहुतेकींना कधी मिळालेलंच नसतं.

मी दक्षिण कॅलिफोर्नियातल्या एका विद्यापीठाच्या पुराभिलेखागारात आहे आणि सध्या अशाच शिक्षकांचे कागद मिळवण्याचं काम माझ्याकडे आहे. पुण्यात ज्यांच्या घरात कुणी नेट-सेट या पात्रता परीक्षा देऊन कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासाच्या हिशेबाने, राबतंय, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहिते आहे.

इथली परिस्थिती आधी सांगते. अमेरिकन असोसिएशन ऑफ युनिव्हर्सिटी प्रोफेसर्स या प्राध्यापकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०२१ मध्ये देशातल्या ६८ टक्के शिक्षकांना कायम नोकरी नव्हती, ती मिळण्याचा रस्ताही नव्हता. १९८७ मध्ये हे प्रमाण ४७ टक्के होतं. जवळपास निम्मे शिक्षक अर्धवेळ आहेत. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजांत) अर्धवेळ शिक्षकाला पूर्णवेळ कामाच्या ६७ टक्क्यांपेक्षा जास्त काम देता येत नाही, असा कायदा आहे. एवढ्यात घर चालत नाही, म्हणून माणूस दोन-तीन ठिकाणी शिकवतो. सकाळी एका गावात, दुपारी दुसऱ्या, संध्याकाळी तिसऱ्या. अशांना इथे ‘फ्रीवे फ्लायर’ म्हणतात. त्यांचं ऑफिस म्हणजे गाडी. मुलांच्या शंका पार्किंगमध्ये सोडवायच्या, पेपर मागच्या सीटवर.

त्यांनी आणून दिलेल्या खोक्यांत काय असतं? दर सत्राला नव्याने दिलेली नेमणुकीची पत्रं, सगळी एकाच साच्यातली. ‘पुरेशी मुलं न आल्यामुळे तुमचा वर्ग रद्द झाला आहे’ अशा ईमेलच्या छापील प्रती. तीन कॉलेजांचे पार्किंगचे परवाने. बेकारी भत्त्यासाठी सुट्टीत भरलेले अर्ज. आणि या सगळ्याखाली, वर्षानुवर्षं सुधारत नेलेला अभ्यासक्रम, समासात बारीक अक्षरात टिपणं. हा शेवटचा कागद हातात आला की मी थांबते. ज्या माणसाला पुढच्या सत्रात वर्ग मिळेल की नाही हे ठाऊक नव्हतं, त्याने दर वर्षी धडा पुन्हा बांधला आहे.

संघटनांचं दप्तर इथे चांगलं जपलं जातं. डेट्रॉइटला वेन स्टेट विद्यापीठातल्या वॉल्टर रूथर ग्रंथालयात अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्सचे कागद आहेत, न्यूयॉर्कच्या टॅमिमेंट ग्रंथालयात कामगार चळवळीचा मोठा संग्रह आहे. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘द न्यू स्कूल’मधले अर्धवेळ शिक्षक तीन आठवड्यांहून जास्त संपावर होते. अशा लढ्यांची पत्रकं आणि फलक कुणीतरी उचलून ठेवतं. पण ठरावांत आणि इतिवृत्तांत एकट्या माणसाचा मंगळवार सापडत नाही. तो त्याच्या पिशवीतच असतो.

पिशवी उघडायला माणसं घाबरतात आणि ती भीती खरी आहे. पुढची नेमणूक ज्यांच्या हातात आहे, त्यांच्याबद्दलच या कागदांत लिहिलेलं असतं. म्हणून देणगीचा करार करतानाच आम्ही विचारतो: काय कधी उघडायचं? काही खोकी देणारा शिकवतोय तोपर्यंत बंद राहतील, काही त्याच्या हयातीनंतर उघडतील. मुलांच्या गुणांच्या याद्या वेगळ्या काढाव्या लागतात, कारण विद्यार्थ्यांच्या नोंदींच्या गोपनीयतेचा कायदा इथे १९७४ पासून आहे. मीही प्रकल्पाच्या मुदतीपुरतीच नेमलेली आहे. या व्यवसायात हे सर्रास चालतं, त्यामुळे ती भीती मला समजावून सांगावी लागत नाही.

आता पुण्याकडे येते. कागद जपण्यात आपल्या शहराला कुणी शिकवायला नको. भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासून आहे. इतिहासकार वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करत होते. पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आजही आहेत, त्यातले निवडक कागद इतिहासकार गो. स. सरदेसायांनी १९३० च्या दशकात ४५ खंडांत छापून काढले. अठराव्या शतकात श्रावणात विद्वानांना वाटलेल्या दक्षिणेचे हिशेब आपल्याकडे आहेत. पण २०१२ साली पुण्यातल्या एखाद्या कॉलेजात तासावर मराठी शिकवणाऱ्या मास्तरांना जूनपासूनचं मानधन कोणत्या महिन्यात मिळालं, हे उद्या कुणाला शोधायचं झालं तर त्याने कुठे जावं?

माझी मावसबहीण दोन कॉलेजांत सीएचबीवर आहे, सकाळी हडपसरला, दुपारी चिंचवडला. मी फोनवर हा विषय काढला तेव्हा ती म्हणाली, “अगं, आमची ऑर्डरच दिवाळीला निघते, कागद कुठले जपायचे?”

मी म्हटलं, “ताई, ती ऑर्डर दिवाळीला निघाली, हेच तर जपायचंय.”

विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) जानेवारी २०१९ मध्ये अतिथी शिक्षकांसाठी तासाला १५०० रुपये आणि महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० अशी मार्गदर्शक रक्कम ठरवली. ते परिपत्रक सरकारी दप्तरात राहीलच. प्रत्यक्षात हातात काय पडलं, सुट्टीत किती महिने काहीच पडलं नाही, हे ताईच्या पासबुकात आहे. मध्यवर्ती इमारतीत उच्च शिक्षण संचालनालयासमोर धरणं धरलेल्यांचे फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये आहेत, आणि तो मोबाइल बदलला की जातील.

एखाद्या कॉलेजच्या ग्रंथालयाने, किंवा पुणे विद्यापीठाच्या जयकर ग्रंथालयाने, एक कपाट यासाठी ठेवावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. तोवर घरी एवढं करा. ऑर्डर, तासांचं बिल आणि पासबुकाचं पान महिन्याप्रमाणे एकत्र ठेवा. मागे तारीख आणि कॉलेजचं नाव पेन्सिलने लिहा, शाई ओलीत फुटू शकते. टाचण्या आणि स्टेपल काढून टाका, पुण्याच्या पावसाळ्यात त्या गंजून कागद खातात. लॅमिनेशन अजिबात करू नका, ते नंतर निघत नाही. व्हॉट्सअॅप ग्रुपवरची चर्चा वेगळ्या फाइलमध्ये उतरवून घ्या, पण त्यातल्या इतरांना विचारून. आणि पेट्रोलच्या, एसटीच्या पावत्यांची आजच झेरॉक्स काढा, कारण त्यांवरची अक्षरं शाईने नाही, उष्णतेने उमटलेली असतात आणि काही वर्षांत पुसट होत होत पूर्ण जातात.