आवडत नाही तर वाचता कशाला?

हा प्रश्न मला भाचा विचारतो, भिशीतल्या मैत्रिणी विचारतात, बडोद्यात मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत ओळखीचे झालेले लोक विचारतात. दर वर्षी दिवाळीच्या सुमारास त्या मालिकेचं नवं पुस्तक येतं, मी ते विकत आणते, आठ दिवसांत संपवते आणि पुढचा महिनाभर भेटेल त्याच्यापाशी त्यावरून तणतणते. मग समोरचा म्हणतो, एवढा त्रास होतो तर सोडून द्या ना, थ्रिलरच तर आहे. आजवर मी विषय बदलत आले. आता नाही बदलत.

मालिका इंग्रजी. बंदराच्या गावातला पोलीस अधिकारी, त्याची मुलगी, त्याचा जुना सहकारी, आजवर बावीस पुस्तकं. हे विचारणाऱ्या तुम्ही सगळ्यांनीही त्यातली चार-दोन वाचली आहेत, म्हणून ओळख करून देत बसत नाही. पहिली आठ फार चांगली होती याबद्दल आपलं दुमत नाही.

पण "साचेबद्ध झाली" असं मी म्हटलं की तुम्हाला वाटतं, मला पाठलाग आणि मारामाऱ्यांचा कंटाळा आला. तसं नाही. मालिका चालू ठेवायची तर नायक मरू शकत नाही, मुलगी मरू शकत नाही, सहकारी फितूर होऊ शकत नाही, कारण पुढच्या वर्षी हीच माणसं पुन्हा हवीत. मग गुन्हेगार व्हायला कोण उरतं? त्या पुस्तकापुरता आलेला पाहुणा. त्यातही जो पहिल्यापासून खुनशी दिसतो त्याच्यावर वाचक संशय घेणारच, म्हणून तो नाही. राहिला तो नवा आणि प्रेमळ माणूस. शिवाय कुणी एखादा वाचक अठराव्या पुस्तकापासून सुरुवात करील, म्हणून शेवटी सगळं होतं तिथे परत आणून ठेवायचं. निलंबित झालेला नायक कामावर हजर, रुसून गेलेली मुलगी घरी. सातव्या पुस्तकात त्याच्या गुडघ्यात गोळी लागते. आठव्यात तो लंगडतो. अकराव्यात छपरांवरून पळतो आणि गुडघ्याचा उल्लेखही नाही. मला खुपतं ते हे.

आता बाबांबद्दल. त्यांची दृष्टी काचबिंदूने गेली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळायची असते, आणि आमच्या लक्षात आलं तेव्हा सांभाळण्यासारखं फार थोडं उरलं होतं. आयुष्यभर वाचत आलेला माणूस. सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून बडोद्यात जी ग्रंथालयं उभी केली, त्यांचा बाबांना घरच्यासारखा अभिमान होता. सेंट्रल लायब्ररीच्या जाड काचेच्या मजल्यांतून खाली झिरपणारा उजेड कसा दिसतो, हे ते डोळे गेल्यावरही वर्णन करून सांगायचे.

२०१२ मध्ये मी या मालिकेचं पहिलं पुस्तक उघडलं. रात्री नऊला जेवणं आटोपली की दांडिया बाजारातल्या आमच्या घरी बाबा झोपाळ्यावर बसायचे, मी समोर खुर्चीत. डोळ्यांनी इंग्रजी वाचायचं, तोंडाने मराठीत सांगायचं. झोपाळ्याची कडी करकरायची. गोष्ट रंगली की करकर थांबायची. दिवसभर ते भिंती चाचपत हिंडायचे, पण त्या तासात ते माझ्यापुढे असायचे. कोण खोटं बोलतंय, कोण घाबरलंय, हे त्यांना माझ्याआधी कळायचं.

तेराव्या पुस्तकात कडी एकदाही थांबली नाही. चाळिसाव्या पानावर होड्या दुरुस्त करणारा एक म्हातारा आला, त्याने नायकाच्या मुलीला गरम सूप दिलं, आणि बाबा म्हणाले, "हाच." तीनशे पानांनंतर तोच निघाला. ओळखल्याचा आनंद बाबांना झाला नाही. "उद्यापासून वर्तमानपत्र वाच," म्हणाले. "तेवढं पुरे."

म्हणून चौदावं आलं तेव्हा मी एक गोष्ट केली. ती चूक होती हे मला सकाळी मान्य असतं, रात्री नसतं.

छापील पुस्तकात गुन्हेगार होता गावात नवीन आलेला, गरिबांना फुकट तपासणारा डॉक्टर. मी त्याला निर्दोष ठेवलं आणि खून नायकाच्या सहकाऱ्यावर घातला. दुसऱ्या पुस्तकापासून दर रविवारी नायकाकडे जेवायला येणारा तो. शेवटचं प्रकरण दुपारी वहीत लिहून काढलं, रात्री वही पुस्तकात ठेवून वाचलं. कडी थांबली. बाबांनी पाय जमिनीला टेकवून झोपाळा धरून ठेवला होता.

रात्री दोनला त्यांनी माझं दार वाजवलं. भिंत धरत धरत आले होते. "अगं, तिसऱ्या पुस्तकात त्याने घर गहाण टाकलं होतं, आठवतं? आणि सहाव्यात बंदरावर उशिरा पोचतो, तो मुद्दामच!" लेखकाने सहज टाकलेल्या गोष्टी वेचून त्यांनी माझ्या खोट्याला पुरावे आणून दिले होते. डोळे गेल्यापासून त्यांना इतकं आनंदात मी पाहिलं नव्हतं. खरं सांगायची वेळ तीच होती. मी म्हटलं, "हो बाबा, माझ्या लक्षातच आलं नाही."

पंधराव्यात तो सहकारी छापील पानापानावर हिंडत होता आणि आमच्याकडे तुरुंगात होता. त्याची वाक्यं मी एका नव्या बाईच्या तोंडी घातली, तिला घर दिलं, आजारी आई दिली. सोळाव्यात नायक तुरुंगात सहकाऱ्याला भेटायला जातो असं अख्खं प्रकरण लिहिलं, कारण बाबा सारखे विचारायचे, "तो भेटायला नाही गेला? इतकी वर्षं एका ताटात जेवलेत."

२०१९ ची उत्तरायण होऊन चार दिवस झाले होते. कमाटीबागेत बाबांचे एक गुजराती मित्र रोज सकाळी भेटायचे. त्यांनी चौदाव्याचा गुजराती अनुवाद वाचला होता. गप्पांत विषय निघाला आणि ते म्हणाले, "ना रे ना, खूनी तो पेलो डॉक्टर!" बाबा भांडले. बाकावर बसून आवाज चढवून भांडले. अनुवादकाने घोटाळा केलाय म्हणाले, माझी मुलगी मूळ इंग्रजीतून वाचते म्हणाले. दुसऱ्या दिवशी मित्राने पुस्तक आणलं आणि शेवटचं प्रकरण त्यांना वाचून दाखवलं.

मी घ्यायला गेले. रिक्षात ते बोलले नाहीत. घरी आल्यावर झोपाळ्यावर न बसता माझ्या खुर्चीवर बसले.

"किती पुस्तकांत केलंस?"

"तीन."

"नक्की?"

"नक्की."

"आणि चौथं?"

चौथ्याचा शेवट आम्हा दोघांचा सगळ्यांत आवडता. गुन्हेगार एक शाळकरी मुलगा निघतो, आणि त्याच्या आईला सांगायला नायक स्वतः जातो. दार वाजवतो, आतून पावलं ऐकू येतात, पुस्तक तिथे संपतं. त्यातलं एक अक्षरही माझं नव्हतं. मी तसं सांगितलं. बाबा म्हणाले, "बरं." मी पुस्तक आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी शेवटचं पान उघडलं, त्यावरून बोटं फिरवली आणि मिटून परत दिलं. "दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या," मी म्हटलं. "कशाला," म्हणाले.

त्यानंतर ते साडेतीन वर्षं होते. मी रोज वर्तमानपत्र वाचलं. २०२२ च्या पावसाळ्यात ते गेले.

भाचा म्हणतो, मावशी, यात लेखकाचा काय दोष? खोटं तू बोललीस. खरं आहे. २०१५ मध्ये मी सगळ्यांना सांगत होते की लेखक आळशी झाला. तीन पुस्तकं वहीत नव्याने लिहिल्यावर तसं म्हणायची माझी हिंमत नाही. एक माणूस फितूर केला तर दहा ठिकाणी गाठी सुटतात, त्या मी रात्र-रात्र बांधल्या आहेत. पण म्हणूनच मला हेही माहीत आहे की ते जमतं. एका निवृत्त शिक्षिकेला जमलं. बाबांचा पाय जमिनीला टेकला होता.

तुम्ही म्हणाल, बाबा स्वतः बाबूराव अर्नाळकरांवर वाढले, तिथे साचा नव्हता? हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या त्यांनी. त्यांचा नायक झुंजार संकटातून सुटणार हे बाबांना शाळकरी वयात पहिल्या पानावर ठाऊक असायचं आणि तरी ते पुढचं पुस्तक मिळवायला धावायचे. या मुद्द्यावर मी बरेच दिवस अडले होते. आता मला असं वाटतं की झुंजारने म्हातारं होण्याचं वचन कधी दिलंच नव्हतं. आमच्या पोलिसाने दिलं होतं. चौथ्यातलं ते दार म्हणजे वचनच होतं, की इथे घडलेलं पुसलं जाणार नाही. ते मोडलं म्हणून राग.

आणि वाचकांचा दोष नाही असंही नाही. कॉनन डॉईलने १८९३ मध्ये होम्सला संपवलं, कारण त्याला तो नकोसा झाला होता. लोकांनी मागितला म्हणून १९०३ मध्ये परत आणला. पुढे कॉर्नवॉलमधल्या एका नावाड्याने त्याला सांगितलं, कड्यावरून पडून होम्स मेला नसेल, पण त्यानंतर तो पहिल्यासारखा राहिला नाही. डॉईलने हे स्वतःच लिहून ठेवलं आहे. म्हणजे परत मागणारेही आपण आणि कुरकुरणारेही आपण. थांबता येतच नाही असंही नाही. स्वीडनच्या माय श्योवाल आणि पेर वालू या जोडीने दहाच पुस्तकं लिहायची ठरवली आणि १९६५ ते १९७५ मध्ये दहाच लिहिली. पण आमचा लेखक दहाव्याला थांबला असता तर रात्री नऊला मी बाबांना काय वाचून दाखवलं असतं? तेव्हा मलाही नवं पुस्तक हवंच होतं. दुकानात नाव नोंदवून ठेवायचे मी.

तरी अजून का वाचते, ते ऐका. सतराव्यापासून प्रत्येक पुस्तकात मी गुडघा शोधते. एवढंच. जिना चढताना क्षणभर थांबला, पावसाळी हवेत ठणकला, एका ओळीत जरी आला तरी चालेल. बाविसाव्यात नायक बर्फात रात्रभर चालतो. मी ती वीस पानं दोनदा वाचली. नाही आला. तेविसावं येईल तेव्हा घेईन.

बाकीची पुस्तकं तुमच्यातल्या कुणीही मागितली की मी देते, चौथं आजवर दिलेलं नाही. हवं असेल तर या. पण ते घरीच वाचायचं, आणि शेवटचं प्रकरण झोपाळ्याजवळ बसून मोठ्याने. एकदा ते मला दुसऱ्या कुणाच्या तरी आवाजात ऐकायचं आहे.