बाईंची चार अक्षरं

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार शब्द लिहा, असं शाळेचं पत्र आलं. मी चार अक्षरांबद्दल लिहिते: पी, एच, टी, एच. ती मला आपल्या इंग्रजीच्या बाईंनी दिली. आमच्या काळच्या कुणालाही त्यांचं नाव सांगायला नको, नुसतं ‘बाई’ म्हटलं की त्याच डोळ्यांसमोर येतात.

नववीत असताना शुक्रवारच्या शेवटच्या तासाला डिक्टेशन असायचं. एकदा त्यात ‘डिफ्थेरिया’ आला आणि मी पीनंतरचा एच गाळला. वर्गातल्या बहुतेकांनी गाळला होता, पण टेबलाजवळ बोलावणं मला आलं. बाईंनी वहीवर लाल खूण केली नाही. म्हणाल्या, “तळहात तोंडासमोर धर आणि म्हण, प.” म्हटलं. “आता फ. फळातला फ.” तळहाताला गरम वारा लागला. मग त आणि थ. थला पुन्हा तोच वारा. “हा जो हाताला लागला ना, तो एच. जुने ग्रीक असंच बोलायचे, आपल्या फ आणि थसारखं. रोमन लोकांकडे त्यासाठी अक्षर नव्हतं, म्हणून त्यांनी पी आणि टीच्या मागे एच जोडला. आता इंग्रजीत या फसाठी दात ओठाला लावतात. तुला तर जुना उच्चार जन्मापासून येतो. मग एच कसा गं विसरलीस?”

त्या दिवसापासून तो एच मी कधी विसरले नाही.

त्यानंतर फळ्याच्या डाव्या कोपऱ्यात त्या चार अक्षरांचं कुटुंब वाढत गेलं. ‘डिफ्थेरा’ म्हणजे कातडं. या आजारात घशात कातड्यासारखा पापुद्रा धरतो, म्हणून ब्रेतोनो या फ्रेंच डॉक्टरने १८२६ साली घटसर्पाला त्यावरून नाव दिलं. ‘डिफ्थाँग’ म्हणजे दोन ध्वनी. ते समजावं म्हणून बाईंनी आख्ख्या वर्गाला सावकाश ‘ऐ’ म्हणायला लावलं आणि ‘अ’कडून ‘इ’कडे जाताना शेजारणीचा जबडा कसा हलतो ते बघायला सांगितलं. थोडक्यात सांगितलेल्या मार्मिक वचनाला इंग्रजीत जो शब्द आहे, त्यात ही चारही अक्षरं लिहायची आणि म्हणायचं मात्र ‘ॲपथेम’. अमेरिकेत त्यातले पी आणि एच काढूनच टाकले, याचं बाईंना मनापासून वाईट वाटायचं. लॅबमध्ये अल्कलीत गुलाबी होणाऱ्या फिनॉल्फ्थॅलीनचा मधला तुकडा नॅफ्थलीनमधून आला, म्हणजे कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांमधून, हे आम्हाला रसायनशास्त्राच्या आधी इंग्रजीच्या तासाला कळलं.

सगळ्यात अवघड शब्द ‘थायसिस’. सुरुवातीला तीच चार अक्षरं, त्यातली पहिली दोन मुकी. क्षयरोगाचं जुनं नाव. त्या दिवशी बाई स्वतः जाऊन शेजारच्या वर्गातून संस्कृतच्या सरांना घेऊन आल्या. सरांनी खडू घेतला आणि ‘क्षि’ हा धातू लिहिला : झिजणे, नष्ट होणे. बाईंनी त्याच्याखाली ग्रीक ‘फ्थि’ लिहिला. अर्थ तोच. क्षय आणि थायसिस हे एकाच रोगाचे दोन शब्द, आणि दोन्ही एकाच मुळापासून आलेले. घंटा झाली तरी कुणी दप्तर भरलं नाही.

आज मी डोळ्यांची डॉक्टर आहे. ‘ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट’मध्ये तीच चार अक्षरं आहेत. दवाखान्याची पाटी रंगवून आली तेव्हा पहिला एच नव्हता. मी रंगाऱ्याला तळहात तोंडासमोर धरायला लावला, तो मनापासून हसला आणि पाटी नव्याने रंगवून दिली. माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांनाही पहिल्या दिवशी मी हेच करायला सांगते. पूर्वी निम्म्या मुलांचा एच चुकायचा. आता कॉम्प्युटर तो आपोआप घालतो, त्यामुळे चूक दिसत नाही आणि तो एच कुठून आला हे विचारायची वेळच कुणावर येत नाही. मला हे फार लागतं.

डॉक्टर झाल्यावर एकदा वाचनात आलं की होमरच्या इलियडमध्ये ‘क्लेओस अफ्थितोन’ आहे आणि ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलात ‘श्रवः’ आणि ‘अक्षितम्’. दोन्हींचा अर्थ न झिजणारी कीर्ती. १८५३ मध्ये आडालबेर्ट कून या जर्मन अभ्यासकाने ही जोडी दाखवून दिली. आपल्या फळ्यावरचे फ्थि आणि क्षि पुन्हा शेजारी शेजारी! त्याच रात्री मी बाईंना लांबलचक पत्र लिहिलं.

उत्तरादाखल पोस्टकार्ड आलं. अक्षर थरथरलेलं, पण ओळी सरळ. आशीर्वाद आणि खाली एवढंच : “आता सी, एच, टी, एच बघ. ‘ऑटॉक्थनस’पासून सुरुवात कर.”

मी शब्दकोश काढला. ऑटॉक्थनस म्हणजे त्याच मातीतला, मूळचा. ग्रीक ‘ख्थोन’ म्हणजे जमीन. त्याच मुळाचा संस्कृत शब्द ‘क्षमा’, पृथ्वी या अर्थाचा. पुन्हा क्ष. कार्ड टेबलावर ठेवलं, तळहात तोंडासमोर धरला आणि म्हणून पाहिलं : ख. थ.