पावणेदोन तासांचे सलग पाणी

पूर्ण अंतराच्या ट्रायथलॉनची तयारी नाशिकमध्ये राहून करता येते का, असे मला अलीकडे अनेक जण विचारतात. माझे उत्तर होकारार्थी असते, परंतु त्याला एक अट जोडल्याशिवाय मी ते देत नाही. शर्यतीचे प्रवेशशुल्क भरण्याआधी, सलग पावणेदोन-दोन तास पोहता येईल असे पाणी कोठे, कोणत्या वेळी आणि कोणत्या नियमाखाली मिळणार आहे, हे नक्की करून घ्यावे. सायकल, बूट, प्रशिक्षक, आहारतज्ज्ञ, फिजिओथेरपी या साऱ्यांची सोय या शहरात होते. पाण्याची सोय मात्र मला झगडून करून घ्यावी लागली, आणि तो राग अजून पुरता ओसरलेला नाही.

या शर्यतीत ३.८ किलोमीटर पोहणे, १८० किलोमीटर सायकल चालवणे आणि ४२.२ किलोमीटर धावणे हे सारे एकामागून एक, १७ तासांच्या आत पूर्ण करावे लागते. पोहण्यासाठी २ तास २० मिनिटांची वेगळी मर्यादा असते, आणि त्या वेळेत पाण्याबाहेर न आलेल्या स्पर्धकाला पुढे सायकलवर बसू देत नाहीत. म्हणजे सायकलची आणि धावण्याची तयारी कितीही उत्तम असली, तरी पोहणे कच्चे असेल तर शर्यत सकाळीच संपते. मी मलेशियातील लंगकावी बेटावरची शर्यत निवडली होती. तेथील समुद्र उबदार असल्यामुळे अंग तरंगते ठेवणारा वेटसूट वापरता येत नाही, आणि वयाच्या पस्तिशीनंतर पोहायला शिकलेल्या माझ्यासारख्या स्त्रीला तर तो आधार फार मोलाचा असतो.

सायकलीबद्दल नाशिककरांना फारसे सांगावे लागत नाही. डॉ. महेंद्र आणि डॉ. हितेंद्र या महाजन बंधूंनी २०१५ साली अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून येथे पहाटे सायकल घेऊन निघालेल्या माणसाकडे कोणी आश्चर्याने पाहत नाही. त्र्यंबक रस्ता, तेथून घोटीकडे जाणारा चढउतारांचा रस्ता, आणि दिंडोरीमार्गे वणी, एवढ्यावर माझी लांब अंतराची बहुतेक तयारी झाली. धावण्याचेही तसेच. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचे कांस्यपदक आणले, त्या जिल्ह्यात धावणारीला रस्ता आणि सोबत दोन्ही मिळतात. गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर पहाटे पाचलाही ओळखीचे चेहरे भेटतात. या दोन्ही गोष्टींत कष्ट पुष्कळ होते, पण अडथळा कोणताही नव्हता, म्हणून त्यांच्याविषयी अधिक लिहीत नाही.

अडथळा आला तो शहरातील एका सार्वजनिक जलतरण तलावावर. तेथे महिलांसाठी ४५ मिनिटांची एक बॅच होती. कागदावर ४५ मिनिटे असली, तरी वेळ संपण्याच्या आधीच शिट्टी वाजत असे, आणि सुरुवातीची काही मिनिटे पास दाखवण्यात व शॉवरखाली जात असत. प्रत्यक्ष पाण्यात मिळत ती पस्तीस मिनिटे. शंभर मीटरला साधारण पावणेतीन मिनिटे हा माझा वेग धरला, तर एवढ्या वेळात साडेबाराशे मीटर, म्हणजे शर्यतीतील अंतराचा एक तृतीयांश भागच होतो. लागोपाठ तीन दिवस सव्वा किलोमीटर पोहले म्हणजे एकदा पावणेचार किलोमीटर पोहल्यासारखे होत नाही, हे मी तेथील लिपिकांना अनेकदा समजावले. दुसऱ्या किलोमीटरनंतर खांदे भरून येतात, कंबर खाली जाऊ लागते, हाताचे कोपर पडते, पोटऱ्यांत गोळे येतात. या साऱ्याची शरीराला ओळख सरावातच व्हावी लागते, आणि त्यासाठी निदान आठवड्यातून एकदा सलग पोहणे आवश्यक असते.

माझी मागणी साधी होती. महिलांच्या बॅचनंतर पंधरा मिनिटांच्या खंडाने दुसरी बॅच सुरू होत असे. दोन्ही बॅचचे शुल्क भरून, मधल्या वेळेतही पाण्यातच राहून, मला आठवड्यातील एक दिवस पोहू द्यावे. खिडकीवर उत्तर मिळाले, "मॅडम, पुढची बॅच पुरुषांची आहे." मग मी विचारले की महिलांसाठी दुसरी बॅच केव्हा आहे. ती नव्हती. "तुम्ही रोज येताच की, पाऊण तास पुरत नाही का?" असेही विचारण्यात आले. सभासदत्वाच्या अर्जात उद्देशाच्या रकान्यात शिकणे, आरोग्य आणि सराव असे तीनच पर्याय होते. मी 'सराव' लिहिले होते आणि त्याच शब्दाच्या आधारे वेळ वाढवून मागत होते, परंतु रकान्यातील नोंदीचा आणि पाण्यातील वेळेचा काही संबंध असावा, असे तेथे कोणाला वाटत नव्हते.

त्यांच्या सांगण्यावरून मी लेखी अर्ज दिला. अर्जावर आवक क्रमांक आणि शिक्का मात्र मी आग्रहाने घेतला, आणि ज्यांना असा अर्ज कधी करावा लागेल त्यांनी तो घेतल्याशिवाय खिडकीपासून हलू नये, कारण पुढे त्या एका क्रमांकावरच सारे उभे राहिले. अर्ज साहेबांकडे गेला. साहेब रजेवर होते. ते आल्यावर टिपणी तयार होऊन फाइल वर गेली. वरून विचारणा आली की हे ३.८ किलोमीटरचे अंतर कोणी ठरवले आणि त्याला मान्यता कोणाची आहे. त्याचे उत्तर मी मनापासून लिहिले: १९७८ साली हवाईमधील ओआहू बेटावर, तेथे आधीपासून होत असलेली समुद्रातील पोहण्याची शर्यत, बेटाभोवतीची सायकल फेरी आणि होनोलुलूची मॅरेथॉन या तिन्हींची अंतरे एकत्र जोडून ही शर्यत सुरू झाली, पहिल्या वर्षी १५ जण उतरले, १२ जणांनी ती पूर्ण केली आणि तेव्हापासून हेच अंतर जगभर चालत आले आहे. त्या पत्रालाही आवक क्रमांक मिळाला. उत्तर मिळाले नाही.

या काळात जे सल्ले मिळाले, त्यांतील एका सल्ल्याविषयी स्पष्ट लिहिणे मला भाग आहे. गंगापूर धरण एवढे जवळ असताना तलावाचे कसले घेऊन बसलात, असे चांगल्या ओळखीच्या लोकांनीही सुचवले. ते पाणी शहराच्या पिण्याचे आहे, तेथे जीवरक्षक नसतो, काठाचा गाळ आणि आतली खोली वरून दिसत नाही, आणि धरणात बुडून गेलेल्या तरुणांच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. सोबत होडी आणि प्रशिक्षित माणूस नसताना, परवानगीशिवाय अशा पाण्यात उतरणे हा सराव नव्हे. मी तेथे गेले नाही आणि कोणीही जाऊ नये.

महिने जाऊ लागले, शर्यतीचे शुल्क भरलेले होते, आणि खिडकीवर दर वेळी फाइल वर आहे एवढेच ऐकू येत होते. शेवटी मी मागणी बदलली. परवानगी मागण्याऐवजी, ज्या नियमाने मला नकार मिळत होता त्या नियमाची प्रत मी माहितीच्या अधिकाराखाली मागितली. २००५ च्या या कायद्यानुसार अर्जाचे शुल्क दहा रुपये आहे आणि साधारणपणे ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक असते. अर्ज लिहिताना 'का' असे विचारू नये. 'कोणत्या ठरावाने', 'कोणत्या तारखेच्या आदेशाने', 'त्याची प्रमाणित प्रत द्यावी', असेच विचारावे, कारण कायद्याने मिळतात ती कागदपत्रे, कारणमीमांसा नव्हे. माझ्या आधीच्या अर्जांचे आवक क्रमांक मी त्यात नोंदवले होते.

उत्तर मुदतीत आले. मंजूर वेळापत्रकाच्या प्रतीत एक बॅच 'केवळ महिलांसाठी' अशी नोंदलेली होती आणि तिच्या पुढची 'सर्वसाधारण' अशी. पुरुषांसाठी राखीव अशी एकही बॅच त्या कागदावर नव्हती. स्त्रिया त्या वेळी येत नसत एवढ्यावरून ती पुरुषांची ठरली होती, आणि वर्षानुवर्षे खिडकीवरून तसेच सांगितले जात होते. एका सभासदाने दोन बॅचचे शुल्क भरू नये, असेही कोठे लिहिलेले नव्हते. ती प्रत हातात घेऊन मी व्यवस्थापकांसमोर बसले, तेव्हा मला जो आनंद झाला तो शर्यतीच्या अंतिम रेषेवरच्या आनंदाहून कमी नव्हता. त्यांनी प्रत दोनदा वाचली, जीवरक्षकाला बोलावून मधल्या पंधरा मिनिटांत तो जागेवरच असतो याची खात्री करून घेतली, आणि दुसऱ्या शुल्काची पावती फाडायला सांगितले. एवढ्याच कामासाठी पावसाळ्यापूर्वीचा माझा सगळा मोसम गेला होता.

सर्वसाधारण बॅचमध्ये पहिल्या दिवशी दोघा गृहस्थांनी तक्रार केली. त्यांना जीवरक्षकानेच वेळापत्रक दाखवले. पुढे माझ्यासोबत आणखी तिघीजणी दुसरे शुल्क भरून येऊ लागल्या आणि कडेची एक लेन आमचीच झाली. आज तेथे स्त्रियांना कोणी अडवत नाही, याचा मला सार्थ अभिमान आहे. पन्नास मीटरच्या तलावात ३.८ किलोमीटर म्हणजे ७६ लांबी होतात. पंचेचाळीस, मधली पंधरा आणि पुन्हा पंचेचाळीस अशा १०५ मिनिटांत त्या जेमतेम बसतात. ज्या दिवशी मी शेवटची लांबी पुरी केली आणि दुसऱ्या बॅचची शिट्टी त्यानंतर वाजली, त्या दिवशी आपण समुद्रातून वेळेत बाहेर येऊ, याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही.

तलावात पोहताना समुद्राची तयारी कशी करावी, हेही येथेच सांगते. दर वळणावर भिंतीला पाय लावून घेतलेला रेटा काही मीटर फुकट देतो, आणि समुद्रात तो मिळत नाही. म्हणून शेवटच्या काही आठवड्यांत आम्ही भिंतीला न शिवता, तिच्या अलीकडेच वळत असू. समुद्रात तळाची काळी रेघ नसते, त्यामुळे दर सहा ते आठ हातांनंतर मगरीसारखे केवळ डोळे पाण्यावर काढून समोरचा बोया, म्हणजे मार्ग दाखवणारी तरंगती खूण, पाहण्याचा सराव लागतो. डोके पूर्ण वर काढले की पाय बुडतात आणि वेग जातो. प्रत्यक्ष समुद्राची ओळख मी आदल्या डिसेंबरात मालवणला करून घेतली होती. तेथील चिवला किनाऱ्यावर दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा होते, पाण्यात होड्या आणि जीवरक्षक असतात, आणि कमी अंतराचे गटही असतात. पहिल्यांदा समुद्रात उतरणाऱ्या नाशिककरासाठी त्याहून सुरक्षित जागा मला ठाऊक नाही. मान आणि काखेत व्हॅसलीन लावण्यास विसरू नये, खाऱ्या पाण्यात कातडी सोलवटते.

पावसाळ्याबद्दल लिहायचे राहिले. शर्यत वर्षाच्या अखेरीस असेल, तर सायकलीचा सर्वांत लांब सराव नेमका जुलै ते सप्टेंबरमध्ये येतो, आणि तेव्हा त्र्यंबक-इगतपुरीकडच्या रस्त्यांवर पाऊस, धुके आणि खड्डे असतात. त्या महिन्यांत मी घरी ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येते अशा स्टँडवर, सायकल चालवली आणि उतरल्याबरोबर लगेच अर्धा तास धावले. सायकलवरून उतरून धावताना पाय जड होतात, त्यांना ती सवय आठवड्यातून एकदा तरी द्यावी. दुसरी गोष्ट आर्द्रतेची. पावसाळा सरल्यावर नाशिकची हवा कोरडी होत जाते आणि बेटावरची दमट असते. शरीराला अशा हवेशी जुळवून घेण्यास दहा ते चौदा दिवस लागतात. तेवढे दिवस आधी जाणे मला परवडणारे नव्हते, म्हणून शेवटचे दोन आठवडे मी दुपारी, खिडक्या बंद करून, पंख्याशिवाय ट्रेनरवर बसले. हे करताना घरात दुसरे माणूस जागे आणि जवळ असावे.

खाण्याविषयी सर्वांत अधिक विचारणा होते, आणि त्यात सर्वांत कमी गुंतागुंत आहे. सायकलवर दर तासाला ६० ग्रॅमच्या आसपास कर्बोदके पोटात गेली पाहिजेत. मी जेलच्या, म्हणजे साखरेच्या घट्ट पाकासारख्या तयार खाद्याच्या, पाकिटांबरोबर खजूर, मनुका आणि मीठ लावलेले उकडलेले बटाटे खाल्ले, आणि जे सरावात खाल्ले नव्हते त्यातले काहीही शर्यतीच्या दिवशी तोंडात घातले नाही.

शर्यतीत मी पाण्याबाहेर आले, तेव्हा पोहण्याच्या मर्यादेतील अर्ध्या तासाहून अधिक वेळ शिल्लक होता. पुढचे तास दीर्घ आणि उष्ण होते, पण सारे सरावाप्रमाणेच घडले.

वैद्यकीय दाखल्याचेही सांगून ठेवते. तलावाचा दाखला आणि शर्यतीचा दाखला हे वेगवेगळ्या नमुन्यांत लागतात. दोन्ही नमुने एकाच भेटीत डॉक्टरांसमोर ठेवावेत, ईसीजी त्याच वेळी काढून घ्यावा, आणि दोन्हींवर तारीख, सही व डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक स्पष्ट आहे ना, हे दवाखान्यातून बाहेर पडण्यापूर्वी पाहावे.