हानलेची रात्र: बॅगेत काय, खिशात काय

लडाखमधलं हानले लेहहून अडीचशे किलोमीटरच्या वर. उपशी, चुमाथांग, माहे, न्योमा असा रस्ता सिंधूच्या काठाकाठाने जातो, लोमाच्या पुलावर सिंधू सुटते आणि पुढे सगळं मोकळं माळरान. गाव साधारण 4,300 मीटरवर आहे, टेकडीवरची वेधशाळा 4,500 मीटरवर. भोवतालचा 22 किलोमीटर त्रिज्येचा परिसर काळोखासाठी राखीव आहे. खिडक्यांना जाड पडदे आणि गाड्यांच्या हेडलाइटच्या प्रखर झोताला (हाय बीम) मनाई. आम्ही आकाशगंगेचा टाइमलॅप्स, म्हणजे ठरावीक अंतराने काढलेल्या फोटोंचा व्हिडिओ, करायला गेलो ते सर्वपित्री अमावास्या धरून. त्याआधी लेहला दोन रात्री मुक्काम हवाच. डोकं दुखत असताना कुणाला धड फोकस जमत नाही.

सह्याद्रीत भंडारदऱ्याला अशा शूटिंगसाठी नेतो ती बॅग जशीच्या तशी उचलून इथे आणली की दोन गोष्टी चुकतात: लेन्स आणि बॅटरी.

आधी लेन्स. भंडारदऱ्याहून आकाशगंगेचं केंद्र दक्षिणेला जास्तीत जास्त 41 अंशांवर चढतं. तिथे फुलफ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) 14 मिमी एफ 2.8 लेन्स उत्तम, कारण समोरचा डोंगर आणि केंद्र दोन्ही आडव्या चौकटीत मावतात. हानले उत्तरेला, त्यामुळे इथे तेच केंद्र 28 अंशांच्या वर जात नाही. 14 मिमी लावलं तर आकाशगंगेचा गाभा चौकटीत तळाशी बसतो आणि वर नुसतं आकाश उरतं. म्हणून 20 मिमी एफ 1.8. एफचा आकडा लहान तेवढं लेन्सचं तोंड मोठं, त्यामुळे 2.8 पेक्षा जवळपास अडीच पट प्रकाश मिळतो. पूर्ण उघड्या लेन्समध्ये कोपऱ्यातले तारे पंख फुटल्यासारखे दिसतात, हे खरं. पण ॲपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं छिद्र) थोडं जरी बंद केलं तरी दर फोटोला त्याची पाती पुन्हा मिटतात, प्रत्येक वेळी केसभर वेगळी, आणि व्हिडिओ लुकलुकतो. मला पंख चालतात, लुकलुक चालत नाही.

आता आकडे. आयएसओ 3200, शटर 15 सेकंद, व्हाइट बॅलन्स 4000 केल्विनवर पक्का, फाइल रॉ. दोन फोटोंमधलं अंतर 18 सेकंद. बहुतेक कॅमेऱ्यांतले ‘15’ सेकंद प्रत्यक्षात 16 असतात आणि ‘30’ म्हणजे 32. तीस सेकंदांना 31 चं अंतर लावणाऱ्यांचा एकाआड एक फोटो गळतो, तो याचमुळे. लाँग एक्सपोजर नॉइज रिडक्शन (फोटोतले नकोसे ठिपके काढणारी सोय) बंद. ते चालू राहिलं तर कॅमेरा प्रत्येक फोटोनंतर तेवढाच वेळ आणखी घेतो आणि तारे उड्या मारतात. ट्रायपॉडवर स्टॅबिलायझेशनही बंदच.

सप्टेंबरअखेर केंद्र संध्याकाळीच नैऋत्येकडे कललेलं असतं. पूर्ण अंधार पडल्यापासून ते डोंगराआड जाईपर्यंत हाताशी जेमतेम दीड तास. 18 सेकंदांनी 300 फोटो, म्हणजे सेकंदाला 24 फ्रेमच्या हिशेबाने साडेबारा सेकंदांचा व्हिडिओ. कार्डावर साधारण 9 जीबी. मध्यरात्रीच्या सुमारास पूर्वेला मृग उगवतो. दुसरा शॉट त्याचा.

फोकससाठी डोक्यावरचा ठळक अभिजित तारा घ्यायचा. लाइव्ह व्ह्यू पूर्ण मोठा करून तारा बारीकात बारीक टिंब होईपर्यंत रिंग फिरवायची आणि वर चिकटपट्टी. लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर विश्वास नको. गारठ्याने फोकस सरकतो, म्हणून मृगाच्या शॉटआधी तो पुन्हा तपासावा लागतो.

बॅटरीचं दुखणं खरं इथलं. सप्टेंबरातही रात्री पारा शून्याखाली जातो आणि भरलेली बॅटरी निम्म्या वेळात मान टाकते. मधे बॅटरी बदलायची तर कॅमेरा हलतो, शॉट गेला. डमी बॅटरीने (बॅटरीच्या जागी बसणारा, वायरीने वीज घेणारा ठोकळा) किंवा यूएसबी-सीवरून पॉवर बँक जोडावी, पण आधी घरी रात्रभर चालवून बघावी. कॅमेरा इतका कमी करंट ओढतो की काही पॉवर बँका ‘काहीच जोडलेलं नाही’ असं समजून आपोआप बंद पडतात. 20,000 एमएएच म्हणजे 74 वॉट-अवर, विमानात बिनदिक्कत चालते. मात्र हातातल्या बॅगेतच. रात्री ती लोकरी मोज्यात घालून ट्रायपॉडला बांधायची. सुट्या बॅटऱ्या आतल्या खिशात, अंगाला लागून.

लेन्सवर धरणाऱ्या दवासाठी सह्याद्रीत ज्या हीटरपट्टीशिवाय पान हलत नाही, ती इथल्या कोरड्या हवेत बहुधा बॅगेतच राहते. इथे त्रास वाऱ्याचा. ट्रायपॉडचा मधला दांडा वर काढू नका, पाय रेतीत दाबून बसवा आणि दगडांची पिशवी इतकी खाली टांगा की ती जमिनीला टेकेल. लोंबती राहिली तर तीच झोके घेते.

शूटिंग संपलं की कॅमेरा बाहेरच बॅगेत घालून चेन लावायची, मगच खोलीत शिरायचं. बुखारीच्या (खोली तापवणाऱ्या शेगडीच्या) उबेत गार लेन्स उघडी पडली तर आतबाहेर पाणी धरतं. चेन सकाळीच उघडायची. कार्ड मात्र आधी काढून घ्या, नाहीतर व्हिडिओ बघायच्या उतावळेपणात रात्रीच बॅग उघडली जाते.