ऐकू येतं, पण कळत नाही

"मला ऐकू येतं, तुम्हीच तोंडातल्या तोंडात बोलता." घरातलं वडीलधारं माणूस असं म्हणालं की बाकीचे हसतात. हसू नये, कारण त्यांना खरोखरच तसं ऐकू येत असतं.

वयाबरोबर कान आधी जातो तो उंच पट्टीच्या आवाजांना. बोलण्यातले आ, ओ, ऊ हे स्वर खालच्या पट्टीचे आणि भरदार, त्यामुळे ते पोचतात. स, श, त, क, फ या व्यंजनांची ओळख मात्र २००० हर्ट्‌झच्या वरच्या भागात असते, आणि ती मुळातच हळू असतात. ती गळतात. "ताट घे" यातलं "आट घे" एवढंच कानावर पडतं. मग ते ताट, पाट की खाट, हे माणूस संदर्भावरून ठरवतो. शांत खोलीत अंदाज बरोबर निघतो, मिक्सर आणि टीव्ही चालू असला की चुकतो. म्हणूनच डॉक्टरांच्या खोलीत "यांना तर छान ऐकू येतंय" असं वाटतं आणि लग्नाच्या हॉलमध्ये हेच माणूस कोपरा धरून बसतं.

अशा वेळी ओरडून काही साधत नाही. आतला कान गोगलगायीच्या शंखासारखा, सुमारे अडीच वेढ्यांचा. त्यातल्या बाहेरच्या रांगांमधल्या केसपेशी, साधारण १२,०००, हळू आवाज मोठा करून पुढे देतात. त्या मेल्या की परत उगवत नाहीत. हळू आवाज पोचेनासा होतो, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. त्यामुळे आधी "काय?" आणि लगेच "ओरडतोस कशाला!" हे एकाच तोंडून निघतं. शिवाय ओरडताना स्वर ताणले जातात, व्यंजनं तशीच दबलेली राहतात. त्यापेक्षा टीव्ही बंद करा, तीनेक फुटांवर समोर या, तोंडावर उजेड पडू द्या, किंचित सावकाश बोला. एकदा कळलं नाही तर तेच वाक्य पुन्हा म्हणू नका, शब्द बदला.

पण ऐकू कमी येण्याचं कारण दर वेळी आतल्या कानात नसतं. मळ, पडद्याला भोक, पडद्यामागचं पाणी यांनी आवाजाची वाटच अडते, आणि त्यातलं बरंचसं दुरुस्त होतं. ऑडिओमेट्रीत, म्हणजे ऐकण्याच्या चाचणीत, कानावरून आणि कानामागच्या हाडावरून अशी दोन्ही तपासणी करतात ती यासाठीच. कागदावर लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्याच्या, आणि खूण जितकी खाली तितकं ऐकणं कमी. हाडावरून नीट आणि कानावरून कमी ऐकू येत असेल, तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात आहे. हा कागद फाइलमध्ये जपून ठेवा. पुढच्या वर्षीच्या तपासणीला तोलायला तो लागतो.

मळाबद्दल जरा थांबून सांगायला हवं. कानाच्या नळीची कातडी पडद्याकडून बाहेर अशी आपली आपण सरकत असते आणि मळ बाहेर आणत असते. बड घातला की तो मळ उलटा पडद्याकडे ठासला जातो. आंघोळीचं पाणी लागून तो फुगला की दडे बसतात. लसणीचं कोमट तेल हा घरोघरचा उपाय, पण पडद्याला भोक असेल तर ते थेट मधल्या कानात उतरतं. पावसाळ्यातल्या दमट हवेत तेल आणि ओल मिळून बुरशीला आयतं घर होतं. मग भयंकर खाज आणि आत भिजलेल्या कागदासारखा लगदा, कधी त्यावर काळे ठिपके. मळ विरघळवायचे थेंबसुद्धा पडदा शाबूत आहे हे डॉक्टरांनी पाहिल्यावरच घालावेत. कान धुताना पाणी शरीराइतकं कोमट, ३७ अंशांचं लागतं. गार पाण्याने चक्कर येते.

आता सगळ्यांत तातडीची गोष्ट. एका कानाने अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत, ऐकू येईनासं झालं तर ते दडे समजून तेल घालत बसू नका. तोंड मिटून "म्म्म" असा आवाज काढा. तो बंद वाटणाऱ्या कानात घुमला तर बहुधा मळ किंवा सर्दी. चांगल्या कानाकडे गेला तर आतल्या कानाचा किंवा नसेचा दोष असू शकतो. घरची ही खूण म्हणजे निदान नव्हे, म्हणून आवाज कुठेही घुमो, त्याच दिवशी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. स्टिरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वाधिक होतो. मधुमेह असेल तर आधी सांगा, कारण या औषधाने साखर चढते. चांगला होऊ शकणारा कान नुसत्या वाट पाहण्यात जातो, याचं फार वाईट वाटतं.

गोंगाटाचा हिशोब सोपा आहे. ८५ डेसिबल आठ तास ही मर्यादा मानली, तर दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते: ८८ ला चार तास, १०० ला जेमतेम पंधरा मिनिटं. विसर्जन मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीसमोर ही पंधरा मिनिटं कधीच उलटतात. ढोल-ताशा पथकात असाल तर सरावाच्या पहिल्या दिवसापासून फोमचे इयरप्लग घाला. बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट दाबून धरा. कापसाच्या बोळ्याने जवळजवळ काहीच अडत नाही.

ऐकण्याचं मशीन घेतलंच तर पहिल्या आठवड्यात दिवसाला दोन-तीन तास, तेही घरच्या शांततेत. विसरलेले आवाज मेंदूला पुन्हा ओळखू यायला काही आठवडे लागतात. पहिल्या दिवशी भांड्यांचा खणखणाट असह्य झाला म्हणून ते कपाटात टाकू नका, सेटिंग बदलून घ्या. सेल झिंक-एअरचे असतील तर स्टिकर काढून एक-दोन मिनिटं हवा लागू द्या, मगच बसवा. एकदा काढलेला स्टिकर परत चिकटवून सेल वाचत नाही. रात्री सेलचं झाकण उघडं ठेवून मशीन सिलिका जेलच्या डबीत ठेवा, पावसाळ्यात तर रोज. सेल मात्र लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका, गिळला तर जिवावर बेततं. आणि मशीन "बंद पडलं" की दुकानात धावण्याआधी नळी उजेडात धरून पाहा. पुष्कळदा तिथे पाण्याचा एक थेंब किंवा टोकाशी मळाचा खडा अडकलेला असतो.